जालन्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत जुन्या आणि नव्या पाळकसाहेबांचे दोन गट पडलेत. ऐक्य कसं येईल?

दोन्ही गटांना एकत्र बसवून पवित्र शास्त्राचं वाचन आणि आजाऱ्यांच्या भेटी सुरू करा. नुसत्या समेटाच्या बैठकांनी ऐक्य येत नाही. करिंथच्या मंडळीतही हेच झालं होतं: कोणी म्हणे मी प्रेषित पौलाचा, कोणी उपदेशक अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा. पौलाने स्वतःच्या नावाने झालेल्या गटालाही जवळ केलं नाही. आपण रोप लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ देवाने दिली आणि पाया एकच, येशू ख्रिस्त, असं त्याने स्पष्ट लिहिलं (१ करिंथ ३:६-११). तुमच्याच जालन्यात बघा ना, एकोणिसाव्या शतकात मिशनरी नारायण शेषाद्रींनी मंडळीचं काम उभं केलं. त्यांच्यानंतर कितीतरी पाळक आले, गेले, विश्वासणारे आजही प्रभुभोजनाला जमतात. घरोघरच्या प्रार्थना गटागटाने होत असतील तर त्या सगळ्यात आधी एकत्र करा, कारण फूट तिथेच मुरते. मात्र भांडण हिशेबाचं किंवा कोणावर झालेल्या अन्यायाचं असेल, तर ऐक्याच्या नावाखाली ते झाकू नका. तिथे मत्तय १८:१५-१७ प्रमाणे चाला: आधी एकांतात बोला, मग एकदोघांना सोबत घ्या, तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांडा.