नाटकात गळफासाचा प्रसंग असेल तर प्रेक्षकांना आधी सांगावं का?

सांगा. धक्का ओसरेल ही तुमची भीती कळते, तरी सांगा.

मी पुण्यात आठेक वर्षं प्रायोगिक नाटकांचे लाईट्स करतोय. तुमच्यासारखाच प्रसंग आमच्याही नाटकात होता. दुसऱ्या अंकात पूर्ण ब्लॅकआऊट, मग डावीकडून एकच स्पॉट हळूहळू वर आणि त्यात फक्त दोन पाय, जमिनीपासून वीतभर वर. हा क्यू, म्हणजे दिव्यांचा ठरवून दिलेला बदल, मी बसवला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचं बटण, ११ सेकंदांत वर न्यायचं. १० ला घाई वाटायची, १२ ला लोक खोकायला लागायचे.

तिसऱ्या प्रयोगाला मावशीला पास दिला. मावसभावाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. कसा गेला ते आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, इथेही लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल. मला माहीत नव्हतं असं नाही हो. पण इतक्या तालमींनंतर ते पाय माझ्या लेखी पाय राहिलेच नव्हते, क्यू नंबर ४७ झाले होते.

मावशी चौथ्या रांगेत अगदी मधोमध. चांगली जागा म्हणून मीच बसवलेली. मागच्या बूथमधून मला तिचा अंबाडा दिसत होता. स्पॉट वर येऊ लागला तसा तो खाली गेला. मग ती उठली. आपल्याकडे रांगेतून कुणी उठलं की लोक गुडघे तेवढे तिरके करतात आणि वर ‘च्’ करतात. अंधारात सात-आठ जणांचे गुडघे ओलांडत ती बाहेर गेली. मी ११ सेकंद पूर्ण केले.

प्रयोग संपल्यावर बघतो तर बाहेर दुचाक्यांच्या गर्दीत पायरीवर बसलेली, मांडीवर पर्स. ‘लाईट छान होते रे,’ म्हणाली. रिक्षा लकडी पुलावर आल्यावर म्हणाली, ‘आधी सांगितलं असतंस तर घरीच थांबले असते.’

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला म्हटलं, तिकीट खिडकीपाशी एक कागद लावू. तो म्हणे, ‘उद्या म्हणशील दिवे चालू ठेवूनच प्रयोग करा. धक्का हाच त्या प्रसंगाचा जीव आहे.’ अरे, धक्का बसतो तो ज्याच्या घरात हे घडलेलं नाही त्याला. मावशीला त्यात नवीन काय होतं?

आणि आपल्या रंगभूमीवर हे असलं कधी नव्हतं, हे तर ऐकवूच नका. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ केलं तेव्हा गर्भपात सुचवणारा साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला चालेना. यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी सांगायला लागले की निळा डाग लाल समजावा. ती सेन्सॉरची खोडी होती, मान्य. पण डाग येणार हे प्रेक्षकांना आधीच कळलं, म्हणून नाटक पडलं का?

तर तुमचं. मोबाईल बंद ठेवायला सांगतो त्या घोषणेत ही सूचना घुसडू नका, तोवर माणूस रांगेच्या मधोमध अडकलेला असतो. जाहिरातीत, ऑनलाईन बुकिंगच्या पानावर आणि खिडकीवर लिहा: ‘या नाटकात आत्महत्येचा प्रसंग रंगमंचावर दाखवला आहे.’ बस. कोण, कधी, का, काही नको. ‘संवेदनशील प्रेक्षकांनी विचार करून यावे’ असलं तर मुळीच नको, पुण्यात कुणीतरी तो स्वतःचा अपमान समजून भांडायला येईल. स्ट्रोब वापरत असाल तर मात्र वाद घालूच नका. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येऊ शकतो.

हां, अशा सूचनांनी त्रास कमी होत नाही, उलट आधीची धाकधूक वाढते, असं संशोधन आहे. दिग्दर्शकानेच मला ते व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. असेल खरं. मावशीला त्रास कमी करून नको होता, तिला त्या संध्याकाळी घरी बसायचं होतं. रहस्यनाटक असेल तर काय करायचं, ते मलाही नीट सुटलेलं नाही. आणि प्रत्येक शिवीची, सिगारेटची यादी लावत बसा असंही म्हणत नाहीये.

आमचं ते नाटक पुन्हा उभं करायचं चाललंय. लाईट्ससाठी मलाच विचारलंय. मी कळवलं, आधी कागद लाव, मग डिमरला हात लावतो. चार दिवस झाले, व्हॉट्सॲपवर निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.