इमेज कुठून आणू?

कराडहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय: "कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) करायचंय. लॅपटॉपवरच नेटवर्कचा सराव करायला ईव्ह-एनजी हे सॉफ्टवेअर बसवलं, पण त्यात एकही राउटर नाही. टेलिग्रामवर एकजण ५०० रुपयांत सगळ्या इमेजचा पॅक देतोय, घेऊ का? लॅपटॉप ८ जीबीचा आहे. बाबांना नवा मागू का?"

आधी ते ५०० रुपये खिशातच ठेव. ईव्ह-एनजी रिकामंच येतं, तुझं काही चुकलेलं नाही. तो नुसता ओटा आहे, भांडी, म्हणजे इमेज (राउटरच्या सॉफ्टवेअरची फाईल), ज्या त्या कंपनीकडून आणायची. सिस्कोची इमेज परवान्यावर मिळते आणि पॅकवाल्याला ती विकायचा हक्क नाही. त्या फाईलमध्ये कुणी काय घुसडलंय, हेही तुला कळणार नाही. सरावाच्या मुलाखतीत मी हमखास विचारतो, "इमेज कुठून आणलीस?" तिथे चाचरणारी मुलं बरीच पाहिलीत.

मुळात सीसीएनएसाठी तुझं इमेजवाचून फारसं अडत नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. व्हीलॅन, एसटीपी, ओएसपीएफ, एसीएल, नॅट या परीक्षेतल्या विषयांचा सगळा सराव त्यात होतो, तोही ८ जीबीत. ईव्हसारखंच, पण खुद्द सिस्कोचं मॉडेलिंग लॅब्ज पुढे कधीतरी बघ. त्याच्या पर्सनल आवृत्तीला वर्षाला १९९ डॉलर पडतात. ५ उपकरणांपर्यंतची फुकट आवृत्तीही आहे, पण तुझ्या रॅममध्ये तिचा जीव गुदमरेल.

इमेज बसवायला मात्र शिकच. त्यासाठी मायक्रोटिक या राउटर कंपनीचा सीएचआर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला राउटर, घे. कंपनीच्याच साइटवर मिळतो, फुकट परवान्याला मुदत नाही, फक्त वेग दर इंटरफेसला १ एमबीपीएस. सरावाला तेवढा पुष्कळ झाला. शिवाय लहान इंटरनेटवाल्यांकडे मायक्रोटिक सर्रास दिसतो, म्हणजे पहिल्या नोकरीतही हा हात कामी येईल.

सीएचआरची उतरवलेली डिस्क-फाईल आधी क्यूकाऊ२ या ईव्हला चालणाऱ्या प्रकारात बदल. मग ईव्हच्या क्यूईएमयू फोल्डरात नवा फोल्डर कर. त्याचं नाव 'मायक्रोटिक', आडवी रेघ, मग आवृत्ती, सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत. आतल्या फाईलचं नाव 'एचडीए', तेही ठरलेलंच. माझ्याकडच्या एका मुलाने पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं आणि दोन संध्याकाळी यादीत राउटर शोधत बसला. ईव्ह लिनक्सवर चालतं, आणि लिनक्सला कॅपिटल एम आणि स्मॉल एम वेगळे! शेवटी फिक्स-परमिशन्सची कमांड चालवायची. ती विसरलास तर राउटर यादीत दिसूनही सुरू होणार नाही.

जुनिपर या दुसऱ्या नेटवर्क कंपनीचा व्ही-जुनोस स्विचही लॅबसाठी फुकट आहे, पण तो एकटाच ५ जीबी रॅम मागतो. तूर्तास नको.

आता बाबांचं. नवा लॅपटॉप मागू नकोस. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर. 'स्लॉट्स यूज्ड'पुढे दोनपैकी एक दिसला, तर ८ जीबीची एक पट्टी घालून १६ होतील. त्याआधी तिथेच सीपीयूवर 'व्हर्च्युअलायझेशन' बघ. ते बंद दिसलं तर बायोसमध्ये जाऊन चालू कर, नाहीतर पट्टीचे पैसे घालूनही राउटर उठायचा नाही.