हात हँडलवर, कॅमेरा टाकीवर

प्रश्न : जुलैत मनाली–लेह बाइकवर करायचा बेत आहे. डीएसएलआर मागच्या टॉप बॉक्समध्ये ठेवू की पाठीवरच्या सॅकमध्ये? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्हीकडे नको. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे लटकलेला असतो, त्यामुळे खड्ड्याचा दणका तिथे सगळ्यांत जोरात बसतो. दिवसभराच्या थरथरीने लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात, फिल्टर आपोआप फिरून निघतो. सॅकमध्ये कॅमेरा सुखरूप राहतो, पण पडलात तर तो कठीण ठोकळा तुमच्याच मणक्याखाली येतो. गळ्यात अडकवला तर बरगड्यांशी गाठ.

टँक बॅग घ्या, पेट्रोलच्या टाकीवर पट्ट्यांनी बांधायची. चुंबकाची बॅग प्लास्टिकच्या आवरणावर बसत नाही. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर फोम हवा. जुन्या योगा मॅटचे तुकडे थरावर थर लावले तरी काम होतं. बॅग बांधली की गाडी उभी असतानाच हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवून बघा. बॅगेचा कोपरा किल स्विचला, म्हणजे हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटणाला, टेकत असेल, तर ऐन हेअरपिन वळणावर इंजिन बंद पडेल आणि गाडी आडवी होईल. ही तपासणी ताम्हिणी घाटात करा, मनाली–लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर नको.

लेन्स एकच न्या, १८-१३५ मिमी झूमसारखी. त्याच रस्त्यावरच्या मोरे मैदानाच्या पठारावर पुढच्या ट्रकची धूळ अंगावर येत असताना लेन्स बदललीत, तर सेन्सरवर कण बसतात, आणि लेन्सचं छिद्र एफ/११हून बारीक केलं की निळ्या आभाळात काळे ठिपके उमटतात.

चालत्या गाडीवरून एका हाताने फोटो काढू नका. थांबा, पण वळणावर नाही, आणि वरून दगड येतात तिथे तर नाहीच. वळण पार करून रस्ता सरळ दिसेल अशी जागा बघा. चढावर गाडीचं तोंड वरच्या बाजूला, पहिला गिअर टाकलेला, साइड स्टँडखाली चपटा दगड. भुसभुशीत मातीत स्टँड हळूहळू रुततो. गाडी कलंडते ती तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून उभे असताना.

चार-साडेचार हजार मीटरवर चार पावलं चाललं तरी धाप लागते आणि हात हलतो. आधी मिनिटभर श्वास बसू द्या. शटर १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

प्रश्न : फोन हँडलवर लावला तर कॅमेरा खराब होतो म्हणतात. खरं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : खरं आहे. ॲपलने २०२१मध्ये स्वतःच तशी सूचना काढली. फोटो हलू नये म्हणून फोनमधली इवलीशी लेन्स तरंगती ठेवलेली असते. मोठ्या इंजिनची थरथर हँडलमधून तिच्यापर्यंत पोचत राहिली की ती यंत्रणा बिघडते. ओळखायची खूण : फोन टेबलावर टेकवून व्हिडिओ लावा. फोन स्थिर असूनही चित्र लहरत असेल तर कॅमेरा गेलाच समजा. नाना पेठेत रबरी डँपरवाले, म्हणजे धक्के शोषणारे, माउंट मिळतात. त्यांनी थरथर कमी होते, थांबत नाही. नकाशासाठी जुना फोन लावा, चांगला खिशात.

प्रश्न : ॲक्शन कॅमेरा हेल्मेटवर लावला होता, पण बर्फ करडा आला आणि बॅटरी अर्ध्या तासात संपली. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं धरायची सवय. पांढऱ्याशुभ्र बर्फालाही तो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा, फ्रेम बर्फानेच भरली असेल तर +१.५. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) मात्र जपून. तिथलं आभाळ मुळातच गडद असतं, वाइड लेन्सवर अर्धं आभाळ शाईसारखं काळं होतं.

बॅटरी थंडीने मंदावते. जादाच्या दोन बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. ‘संपलेली’सुद्धा ऊब मिळाली की थोडी चालते. सलग व्हिडिओ बंद करा, दर ५ सेकंदांनी एक फोटो लावा : तासाला ७२० होतात, तेच निवडताना जीव जातो! कॅमेरा डोक्यावर नको, हनुवटीजवळ लावा. वारा कमी लागतो आणि हँडल चौकटीत येतं.

रात्री हॉटेलात शिरण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढा आणि खोलीत तासभर तसाच ठेवा. थेट उबेत नेलात तर काचेच्या आतून दव धरतं. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे पिशवी उघडायचा मोह होत नाही.

प्रश्न : लेहला विमानाने जाऊन बाइक भाड्याने घेणार. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालेल का? – एक वाचक, औंध

उत्तर : नाही, हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. छापील आकडा खोडला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात.