6.3 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड: 700 मिली की 500?

6.3 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडपासून 0.1 मोलर (म्हणजे लिटरला 0.1 मोल) द्रावण किती होईल, याचं उत्तर तुम्हाला 700 मिली येतंय आणि पुस्तकात 500 आहे. तुमची रीत बरोबर आहे, त्यावर वेळ घालवत नाही. घोटाळा रेणुभाराचा, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाचा आहे. तुम्ही 90 धरलात. प्रयोगशाळेत मिळणाऱ्या स्फटिकांत ॲसिडच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून 126 धरायचा. 6.3 भागिले 126 म्हणजे 0.05 मोल, आणि त्याचं 0.1 मोलर द्रावण अर्धा लिटर.

स्फटिकातल्या या पाण्याने, म्हणजे स्फटिकजलाने, मला फार छळलंय. मी ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो, तिथला स्टोअर विभाग मोठ्या पोत्यातला माल जुन्या बरण्यांत भरून द्यायचा. वर चिठ्ठी फक्त 'सोडियम कार्बोनेट'. ना सूत्र, ना कंपनीचं मूळ लेबल. आम्ही 106 धरून 5.3 ग्रॅमचं 500 मिली, म्हणजे 0.1 मोलर द्रावण करायचो. मिथिल ऑरेंज (ॲसिड पुरेसं झालं की रंग बदलणारं द्रव्य) घालून 10 मिली द्रावणाला 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड 10 मिलीच लागायला हवं. लागायचं जेमतेम पाच, आणि बरणी बदलली की रीडिंगही बदलायचं. बरणीतला माल म्हणजे धुण्याचा सोडा होता, सोडियम कार्बोनेटच, पण स्फटिकजलासकट. त्यात पाण्याचे दहा रेणू, रेणुभार 286. शिवाय हवेत राहिला की पाणी सोडून त्याची पांढरी भुकटी होते. अशा अर्धवट भुकटीला 106ही लागू नाही आणि 286ही नाही, मग वजनावरून आकारमान काढणार कसं? मूळ पिशवी बघायला मागितली तर स्टोअरवाले म्हणायचे, "चिठ्ठी आहे ना वर, अजून काय हवं?" लेखी अर्ज दिला, त्याला उत्तर नाही. तोवर जर्नल तपासताना मुलांची खरी रीडिंगं चूक ठरत होती आणि मुलं ती खोडून 10.0 लिहीत होती. याचा राग मला आजही आहे.

म्हणून माझं ठाम मत: नावावरून रेणुभार घेऊच नका, सूत्र बघा. शंका आली तर चिमूटभर पदार्थ कोरड्या परीक्षानळीत तापवा, वरच्या थंड भागावर थेंब जमले तर पाणी आहे. (ऑक्झॅलिक ॲसिड मात्र असं तापवू नका, वाफ त्रासदायक असते, विषारी आहे.) परीक्षेत सूत्र दिलं नसेल तर कोणता रेणुभार धरला ते उत्तरात स्पष्ट लिहा. गुण कसे देतात हे मी सांगू शकत नाही, ते तुमच्या सरांना विचारा.

आणखी एक. 500 मिली हे द्रावणाचं आकारमान आहे, पाण्याचं नव्हे. आधी थोड्या पाण्यात विरघळवा, मग स्टँडर्ड फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरा. कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) बाबतीत तर वजनावर विसंबूच नका. तो हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्याची मोलॅरिटी (लिटरला किती मोल) ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करूनच, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाला तो किती मिली लागतो हे मोजूनच ठरवा.