स्वप्नात आई हरवली आणि मला हलकं वाटलं

जवळच्या माणसाचं काही बरंवाईट झालेलं स्वप्नात दिसलं की लोक दोन तऱ्हांनी घाबरतात. काहींना ती पुढची सूचना वाटते. काहींना वाटतं, पाप आपल्याच मनात होतं, झोपेत ते उघडं पडलं. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंना या दोन्ही भीतींनी एकदमच घेरलं होतं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून आजूबाजूचे तपशील बदलले आहेत.)

वय पंचेचाळिशीच्या आसपास. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली आई तीन वर्षांपासून त्यांच्याकडे. तिला आधाराशिवाय उठता येत नाही. दिवसा नोकरी, आणि रात्री आईसाठी दोन-तीनदा उठणं. भाऊ आहे, पण वेगळा राहतो.

स्वप्न असं होतं. आईला पाठीवर घेऊन त्या एका उंच इमारतीचा जिना चढताहेत. वर एक निळं दार आहे. कुलूप काढण्यासाठी त्या आईला पायरीवर बसवतात, जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतात. एकही लागत नाही. वळून बघतात तर आई नाही.

“मग?”

त्या बऱ्याच वेळाने बोलल्या. “मग मला हलकं वाटलं, मॅडम. त्याचीच लाज वाटते.”

पहिल्यांदा हे स्वप्न पडलं तेव्हा त्या उठून आईचा श्वास चालू आहे ना ते बघून आल्या होत्या. ते पुन्हा पुन्हा पडायला लागलं तशी झोपायचीच धास्ती बसली. नात्यातल्या एकीने सांगितलं की असं दिसणं चांगलं नाही. मोबाइलवर शोधलं तर जिना म्हणजे प्रगती आणि किल्ली म्हणजे गुपित, असं उत्तर मिळालं. मानसशास्त्र शिकणारी भाची म्हणाली, स्वप्न म्हणजे दडपलेली इच्छा. त्या सगळ्यात जास्त खचल्या त्या भाचीच्या बोलण्याने.

भाचीचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1899 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वप्न ही इच्छापूर्ती असते असं मांडलं, आणि प्रिय व्यक्तीच्या मृत्यूच्या स्वप्नांचाही त्यात विचार केला. पण त्याच ग्रंथात त्याने अमुक दिसलं की तमुक अर्थ, अशा कोष्टकी पद्धतीवर भिस्त ठेवायला नकार दिला. स्वप्नातल्या एकेका तुकड्यावरून स्वप्न पाहणाऱ्याला स्वतःला काय काय आठवतं, ते ऐकायचं, ही त्याची पद्धत. सगळी स्वप्नं इच्छापूर्तीची असतात हे आज फारसं कोणी मानत नाही, मीही मानत नाही. ऐकायची पद्धत मात्र टिकली. गंमत म्हणजे लोकांच्या लक्षात नेमका टाकून द्यायचा भाग राहतो.

मी त्यांना स्वप्न पुन्हा सांगायला लावलं, आत्ता घडतंय असं, सावकाश. ‘मी चढत होते’ नाही, ‘मी चढते आहे’. याने फरक पडतो. माणूस स्वप्नाचा सारांश सांगायचं सोडून त्यात शिरतो आणि आधी गाळलेल्या गोष्टी बाहेर येतात. त्यांच्या बाबतीत आलं ते किल्ल्यांचं वजन. जुडगा इतका जड होता की मनगट दुखत होतं.

“मला किल्ल्यांबद्दल काहीच माहीत नाही असं समजा. त्या कशासाठी असतात? तुमच्याकडे कुणाच्या असतात?”

त्या हसल्या. “सगळ्यांच्या! भावाच्या घराची एक माझ्याकडे. शेजारच्या काकूंची एक. ऑफिसच्या कपाटाचीही माझ्याचकडे. काही अडलं की सगळे मलाच फोन करतात.” आणि मग, मी काही न विचारता, “स्वप्नातल्या त्या जुडग्यात माझ्या दाराची एकही नव्हती.”

यावर मी काही बोलले नाही. इथे समुपदेशकाला हुशारी दाखवायचा मोह होतो, आणि तो आवरावा असं माझं ठाम मत आहे. अर्थ मी सांगितला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरल्या असत्या.

त्या हलकेपणाकडे आम्ही नंतर वळलो. ते शरीरात कुठे जाणवलं? खांद्यांत. जागेपणी असं शेवटचं कधी वाटलं होतं? भाऊ दोन दिवस आईला घेऊन गेला होता तेव्हा. त्या रात्री त्या सलग झोपल्या, आणि सकाळी उठल्यावर आईची आठवण यायच्या आधी बरं वाटलं, म्हणून दिवसभर स्वतःवर चिडून राहिल्या.

“एक विचारू? या स्वप्नात आई गेली, हे तुम्हाला कुठे दिसलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही वळून बघता तेव्हा ती तिथे नसते. ती वारली, असं स्वप्नात कुठे येतं?”

त्यांनी डोळे मिटून पुन्हा एकदा तो जिना बघितला असावा. “नाही. नुसती नाहीये. मेली हे मी उठल्यावर...” वाक्य अर्धंच राहिलं.

मृत्यू स्वप्नात नव्हताच. जाग आल्यावर, श्वास तपासायला जाताना, त्यांनी तो स्वप्नाला जोडला होता, आणि नातेवाईक व भाची या दोघींनी त्या जोडलेल्या भागाचा अर्थ लावला होता. असं फार वेळा होतं. म्हणून स्वप्न ऐकताना मी दिसलं काय आणि उठल्यावर वाटलं काय, हे वेगळं करून घेते.

पण समजा, ‘हे एकदाचं संपावं’ असं कधी खरोखर मनात आलं असतं तर? मी त्यांना ते विचारलं. आलं होतं, एकदा, पहाटे तीन वाजता. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा विचार कधी ना कधी डोकावतो. ते थकलेल्या माणसाचं बोलणं असतं. त्यात ‘हे’ म्हणजे न संपणारी सेवेची ड्यूटी असते, आई नसते. हे ऐकून त्या रडल्या, आणि मला वाटतं ते रडणं कुठल्याही अर्थापेक्षा महत्त्वाचं होतं.

मग भाकिताची भीती. प्रौढ माणसाची साधारण पाव झोप ज्या अवस्थेत जाते तिला रेम म्हणतात. डोळ्यांच्या जलद हालचालींवरून 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ती नोंदवली. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून याच अवस्थेत पडतात. तेव्हा मेंदूतली भावनांची केंद्रं जोरात असतात आणि तर्काने तपासणारा पुढचा भाग मंदावलेला असतो, म्हणून भीती किंवा सुटका इतकी खरी वाटते. ही अवस्था दर दीड तासाच्या आसपास येते आणि पहाटेकडे लांबत जाते. बहुतेक स्वप्नं आपण विसरतो. मधेच जाग आली की ती हाताशी राहतात. या बाईंची झोप रोज रात्री मोडत होती. आपल्याला पूर्वी स्वप्नं पडत नसत, आता फार पडतात, असं त्यांना वाटत होतं. पडत पूर्वीही असणार, आता आठवायला लागली होती. आणि वाईटच का आठवतात? हॉल आणि व्हॅन डी कॅसल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये विद्यार्थ्यांच्या एक हजार स्वप्नांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तीत सुखद भावनांपेक्षा त्रासदायक भावनाच जास्त निघाल्या. स्वप्नांचा कलच तसा आहे. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे आपण म्हणतोच. मनात जे वसतं त्यात काळजीचा वाटा मोठा असतो.

स्वप्न थांबवायला काही करता येतं का, असं त्यांनी विचारलं. येतं. त्रासदायक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर जागेपणी त्याची गोष्ट हवी तशी बदलून लिहायची आणि ती नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायची. आघातानंतरच्या दुःस्वप्नांवर ही पद्धत उपयोगी पडते, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. त्यांनी आधी दार उघडतं असं लिहिलं. त्याने काही झालं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी जिन्यावर भावाला आणलं. त्याला हाक मारली आणि आईचा हात त्याच्या हातात दिला. हे वाचून दाखवताना त्यांचा आवाज बदलला होता.

प्रत्यक्षात भावाला सांगायला त्यांनी आणखी तीन आठवडे घेतले. तो काही लगेच विरघळला नाही, आधी वादच झाला. शेवटी रविवार त्याच्याकडे आणि आठवड्यातल्या दोन रात्री पगारी मदतनीस, असं ठरलं. त्याच्याच घराची किल्ली त्यांनी त्याला परत केली, हे मात्र मी सुचवलेलं नव्हतं. स्वप्न त्यानंतर दोनदा पडलं, मग थांबलं. निळं दार कशाचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोनचार शक्यता बोलून झाल्या, त्यांना एकही पटली नाही, आणि आम्ही ते तिथेच सोडलं. प्रत्येक तुकड्याला अर्थ असलाच पाहिजे असं नाही.

तुम्हालाही असं एखादं स्वप्न छळत असेल, तर ते कुणाला सांगण्याआधी, शोधण्याआधी, जसं दिसलं तसं लिहून ठेवा. खाली रेघ मारून उठल्यावर काय वाटलं ते वेगळं लिहा. मग त्यातली मुख्य भावना अलीकडे जागेपणी कधी आली होती, ते आठवा. बहुतेकदा धागा तिथेच सापडतो.

काही बाबतीत मात्र अर्थ शोधत बसू नये. झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडले जात असतील, ओरडणं किंवा पडणं होत असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ किंवा झोपेच्या विकारांचे डॉक्टर गाठा. रक्तदाबाची काही औषधं आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही स्वप्नं फार तीव्र होतात. नवं औषध सुरू झाल्यावर हे चालू झालं असेल तर ते मनाने बंद न करता ज्यांनी दिलं त्यांना विचारा. एखाद्या आघाताचा प्रसंग रात्रीमागून रात्र जसाच्या तसा दिसत असेल, तर एकट्याने वहीत लिहीत बसण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं बरं.