जुनी मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर: लोकांना त्यात एवढं काय दिसतं?

डिचोलीच्या आपल्या तरुण मित्राला पणजोबांचा ब्रिटिश फौजेतला फोटो सापडला, कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेला. तेव्हापासून त्यांनी या विषयाचं वाचन सुरू केलंय आणि आता दोन गोष्टी विचारल्यात. शंभर वर्षांपूर्वीची, किलोभर वजनाची, सहाच गोळ्यांची ही हत्यारं जमवण्यात आणि चालवण्यात लोकांना काय गोडी वाटते, आजचं ९ एमएम पिस्तूल हरतऱ्हेने सरस असताना? आणि गोव्यात राहून हा छंद करता येतो का? अमेरिकेत नोकरीला होतो तेव्हा तिथल्या क्लबात मला ही जुनी रिव्हॉल्व्हर पुष्कळ हाताळायला मिळाली आणि इथे परत आल्यापासून माझी .३२ची रिव्हॉल्व्हर (हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचात) आहेच. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आजचं पिस्तूल सरस आहे, त्यात वादच नाही. पण ते चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही येऊ देत नाही. चाप ओढला, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे-पुढे झाली, पुढची गोळी भरली गेली. हे सगळं डोळ्याला दिसण्याच्या आत होऊन जातं. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक हालचाल तुमचीच असते, तुमच्या बोटाने होते आणि तुम्हाला कळते. मला स्वतःला खरी ओढ याचीच आहे.

दुसरं म्हणजे धक्का. मोठा बोअर म्हटलं की लोकांना वाटतं, हात उखडून निघेल. ब्रिटिश फौजेच्या वेबली रिव्हॉल्व्हरच्या .४५५ काडतुसाची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे साधारण १७ ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला जेमतेम ६०० फूट. ९ एमएमची गोळी ८ ग्रॅमची, पण जवळपास दुप्पट वेगाने जाते. गणित करून बघा: ऊर्जा ९ एमएमची कितीतरी जास्त भरते, पण वस्तुमान गुणिले वेग काढलं तर वेबली थोडी पुढेच जाते. त्यात हत्याराचं वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे ९ एमएम हाताला चापट मारल्यासारखं उडतं, आणि वेबली कुणीतरी तळहाताने सावकाश मागे रेटल्यासारखी लागते. नव्याने शिकणारे पहिल्या फैरीनंतर मान वळवून बघतात की, एवढंच? या सावकाशपणाची एकदा चटक लागली की सुटत नाही.

गोळी एवढी मोठी आणि एवढी संथ का, याचं उत्तर दारूत आहे. एकोणिसाव्या शतकात काळी दारूच होती: सोरा, कोळसा, गंधक. छोट्या नळीत तिच्यापासून मिळणाऱ्या वेगाला मर्यादा होती. मग मारा वाढवायचा कसा? गोळी रुंद आणि जड करून. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीच्या १८४७ च्या वॉकर मॉडेलचं वजन दोन किलोंच्या वर होतं. ते कमरेला नव्हे, घोड्याच्या खोगिराला अडकवायचे. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीत .४५ ची २५५ ग्रेनची गोळी आणि तिच्यामागे ४० ग्रेन काळी दारू. पुढे बिनधुराची दारू आली, वेग स्वस्त झाला आणि बोअर हळूहळू बारीक होत गेले. म्हणजे ही हत्यारं एका ठरावीक अडचणीला दिलेली उत्तरं आहेत. प्रत्येक कारागिराने ते उत्तर वेगळं दिलं आणि ते पोलादात तसंच राहिलंय. संग्राहक वाचत असतो ते हेच.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावांत ठासणीची बंदूक बघितलेल्यांना काळ्या दारूची वेगळी ओळख करून द्यायला नको. तोच पांढरा धूर, तोच गंधकाचा वास, आणि नळीत चिकटणारी तीच काजळी. रिव्हॉल्व्हरमध्ये ती काजळी सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या चक्रीच्या, आसात शिरते, मग काही फैरींनंतर चक्री जड फिरू लागते. त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, तेल लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी गंज हजर. ज्यांना हे काम कटकटीचं वाटतं त्यांनी काळ्या दारूच्या वाटेला जाऊ नये. मला तो अर्धा तास नेमबाजीइतकाच आवडतो.

आता वेबली, कारण फोटोतलं हत्यार बहुधा तेच आहे. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचं .४५५ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेने १८८७ साली घेतलं, आणि सुधारणा होत होत १९१५ मध्ये मार्क सहा, म्हणजे सहावं मॉडेल, आलं. ते उजव्या हातात धरलं की अंगठा आपोआप डाव्या बाजूच्या कळीवर जातो. कळ दाबून नळी खाली ढकलायची. अख्खं हत्यार बिजागरीवर मधोमध उघडतं, सिलिंडरच्या पोटातून चांदणीच्या आकाराची चकती वर येते आणि सहाही काडतुसांच्या कडा धरून त्यांना एकदमच उचलते. नळी पुरती वाकली की चकती खट्कन जागेवर बसते आणि रिकाम्या पुंगळ्या खाली पडतात. खंदकातल्या चिखलात, एका हातात लगाम असताना, थंडीने बोटं बधिर झालेली असताना रिकामं करता यावं म्हणून हे केलेलं. कोल्टमध्ये याउलट: उजवीकडचं छोटं दार उघडा, एकेक पुंगळी दांड्याने बाहेर ढकला, एकेक नवी भरा. पण कोल्टचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, मागे ओढताना चार वेगवेगळे खटके ऐकू येतात, आणि तिची मूठ धक्क्याबरोबर तळहातात वर सरकते, म्हणजे अंगठा परत घोड्यावरच येतो. कोल्टमध्ये पाचच गोळ्या भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवायची रीत आहे, कारण त्याची सुई थेट काडतुसावर टेकते. ही रीत आजही पाळायचीच.

फोटो मोठा करून मूठ बघा. मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी गोल वळलेली असेल तर मार्क एक ते पाचपैकी काहीतरी, खाली चौकोनी कापलेली असेल तर मार्क सहाची शक्यता जास्त. हत्यार अंगाने लहान असेल आणि घोड्याला मागे अंगठ्याची शेपटीच नसेल, तर ते एनफिल्ड नंबर दोन, .३८० बोअरचं, रणगाड्यात घोडा अडकू नये म्हणून १९३८ पासून ती शेपटी काढून टाकली. तसं असेल तर फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा. मुठीच्या तळाशी दोरीची कडी दिसतेय का तेही पाहा.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठणकावून सांगतो. महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच वेबलींचं सिलिंडर मागून तासलं गेलं, म्हणजे अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये .४५ एसीपीची, म्हणजे अमेरिकी फौजी पिस्तुलाची, सहज मिळणारी काडतुसं त्यात बसावीत. बसतात खरी, पण फौजी .४५ एसीपीचा दाब वेबलीच्या जुन्या काडतुसापेक्षा बराच जास्त आहे, आणि बिजागरी-कळीची रचना तेवढ्या दाबासाठी केलेलीच नाही. असं हत्यार चालवताना हलकं भरलेलं काडतूसच हवं. संग्राहकाच्या दृष्टीने तर तासलेलं सिलिंडर म्हणजे निम्मा इतिहास पुसलेला. तसंच पॉलिश. जुना निळसर-तपकिरी रंग घासून चकचकीत केलेलं हत्यार मी फुकट मिळालं तरी संग्रहात ठेवणार नाही.

आपल्या गोव्याची गोष्ट यात वेगळी आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. इथे वेबली हे परक्या मुलखातून आलेलं हत्यार. पोर्तुगीज फौजेचं रिव्हॉल्व्हर होतं आबादी, १८७८ चं अधिकाऱ्यांचं आणि १८८६ चं शिपायांचं मॉडेल, ९.१ मिलिमीटर, बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरीचं. बोअर वेबलीइतका दांडगा नाही, पण युक्ती सुरेख: भरायचं दार उघडलं की घोडा चापापासून सुटा होतो, मग चाप ओढत गेलं की नुसतं सिलिंडर एकेक घर पुढे सरकतं. भरताना चुकून बार उडायची भीतीच नाही. १८९५ मध्ये सत्तरीच्या राणे मंडळींचं बंड मोडायला राजपुत्र अफोंसो पोर्तुगालहून तुकडी घेऊन आला, तेव्हा त्या फौजेचं रिव्हॉल्व्हर हेच होतं. गोव्यात राहून अभ्यास करायचा तर मी आबादीपासून सुरुवात करीन.

आता कायदा, स्पष्ट शब्दांत. .३८० आणि .४५५ची बुडाला कड असलेली काडतुसं, किंवा फौजी ९ एमएम आणि .४५ची काडतुसं बसतील अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर भारतात प्रतिबंधित गटात येतात. ती जिल्हाधिकाऱ्याच्या साध्या परवान्यावर मिळत नाहीत, आणि विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षांची शिक्षा आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. 'आजोबांचं आहे, जुनं आहे' एवढ्यावर ती लागू होत नाही. घरात कधी असं काही सापडलं तर हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा, ते जमा होऊ द्या आणि मग वारसाहक्काचा किंवा या कलमातली सूट मिळण्याचा अर्ज रीतसर करा. माळ्यावर ठेवून देणं हा पर्यायच नाही.

मग इथे चालवायचं काय? .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेबलीच्याच घराण्यातलं आहे: तीच वरची कळ, तीच बिजागरी, तीच उचलणारी चकती. वेबली अँड स्कॉटनेही २०२० मध्ये उत्तर प्रदेशात संडीला इथे .३२ची निर्मिती सुरू केली. मोठ्या बोअरचा तो रेटा त्यात नाही, हे मान्य. पण उघडणं, भरणं, घोडा ओढून एकेरी नेम धरणं, लांब चाप न थरथरता ओढणं, हे सगळं तिथेच शिकता येतं. जस्पाल राणांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्या) पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. तो प्रकार याच घरातल्या काडतुसांचा आहे, म्हणून .३२ला कमी लेखू नका.

एक इथल्या हवेचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातलं कमावणीचं द्रव्य पोलाद खातं. पातळ तेलाचा हात, सुती कापड, कपाटात सिलिका जेल, आणि आठवड्याला एकदा उघडून बघणं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं बहुधा ठाण्यात जमा करावी लागतात. देण्याआधी तेल जरा जास्त लावा, नंबर दिसेल असे फोटो काढा आणि पावती जपा. परत आणल्यावर त्याच दिवशी पुसा.

परवान्यावर आता दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे निवड विचारपूर्वक करा. मला विचाराल तर पहिलं बिजागरीचं .३२ घ्या, शक्य तितक्या लांब नळीचं. दुसरी जागा वर्षभर तरी रिकामी ठेवा आणि ते पैसे काडतुसांवर आणि चांगल्या उस्तादावर खर्च करा.