१९६०च्या दशकातल्या गाडीचं संपूर्ण वायरिंग हार्नेस (सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला गुच्छ) घरच्या घरी बदलता येतं का? सुरुवात कुठून करावी?

प्रश्नात दिलंय त्यावरून गाडी ब्रिटिश, १२ व्होल्टची, डायनामोवाली (म्हणजे अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा जनरेटर असलेली) आहे. जुन्या वायरींचं इन्सुलेशन वाकवलं की तडकतंय, तयार हार्नेस आणि आकृतीचा एक कागद हातात आहे. जमेल. मल्टिमीटर वापरता येत असेल आणि डॅशबोर्डखाली उताणं पडून काम करायची तयारी असेल तर नक्की जमेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. नवीन हार्नेस घातल्यावर ज्या तक्रारी येतात, त्यातल्या बहुतेक वायरींच्या नसतातच. त्या वायरींच्या टोकांच्या आणि अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडांच्या, असतात. तुमचा जास्तीत जास्त वेळ तिथेच जाऊ द्या.

बॅटरी सोडवताना आधी अर्थचं टर्मिनल काढा, मग ते पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे सवयीने 'निगेटिव्ह आधी' म्हणून हात घातला तर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. तुमच्या गाडीत कोणती बाजू बॉडीला आहे ते आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा. पुढे ते लागणार आहे.

जुनं हार्नेस लगेच उपसून काढू नका. एकेका वायरीला चिठ्ठी लावा, आणि चिठ्ठीवर रंग लिहू नका. ती वायर कुठल्या भागाच्या कुठल्या टर्मिनलवर होती ते लिहा: 'डायनामो, मोठं टर्मिनल', 'वायपर स्विच, वरचं'. जुने रंग धुळीने आणि तेलाने इतके मळलेले असतात की तपकिरी, जांभळा आणि काळा सारखेच दिसतात. खरा रंग बघायचा असेल तर क्लिपखाली झाकलेल्या जागी कापडी वेष्टन थोडं उसवा, तिथे तो टिकलेला असतो. कंट्रोल बॉक्स (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा डबा), फ्यूज बॉक्स, इग्निशन स्विच आणि दिव्यांचा स्विच यांचे जवळून, दोन-तीन कोनांतून फोटो काढा. आधीच्या कुणीतरी मध्येच घुसवलेल्या वायरी हमखास सापडतील. त्या नव्या हार्नेसमध्ये नसणार, म्हणून त्यांना वेगळी खूण करा, नाहीतर शेवटी चार वायरी कशाच्या हे कोडं बसून सोडवावं लागेल.

जुनं हार्नेस बाहेर आलं की ते जमिनीवर गाडीत होतं तसंच पसरा आणि नवीन त्याच्या शेजारी. ही पायरी कुणीही गाळू नये. फाटे कुठे फुटतात, प्रत्येक फाट्याची लांबी किती, टोकाला बुलेट (गोळीच्या आकाराचं धातूचं टोक) आहे की रिंग की चपटं टर्मिनल, हे एकेक करून ताडून बघा. एकाच मॉडेलची डावं किंवा उजवं स्टिअरिंग, डायनामो किंवा अल्टरनेटर, एक वेगाचा किंवा दोन वेगांचा वायपर, ओव्हरड्राइव्ह असलेली आणि नसलेली अशी वेगवेगळी हार्नेस निघतात. चुकीचं आलं असेल तर ते जमिनीवर असतानाच कळलेलं बरं. मग मल्टिमीटरने प्रत्येक वायरीची दोन्ही टोकं तपासा. बीप वाजला पाहिजे, आणि तो फक्त त्याच वायरीवर वाजला पाहिजे.

रंगांची भाषा पाठ असली की निम्मं काम हलकं होतं. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूज नसलेला करंट. पांढरा म्हणजे इग्निशन चालू केल्यावर येणारा, हिरवा म्हणजे तोच पण फ्यूजमधून गेलेला. जांभळा फ्यूजमधून, पण कायम चालू, म्हणजे हॉर्न आणि आतला दिवा. लाल साइड आणि टेल लॅम्पचा, निळा हेडलाइटचा: निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. हिरवा-लाल डावा इंडिकेटर, हिरवा-पांढरा उजवा, हिरवा-जांभळा ब्रेक लाइट, आणि काळा अर्थ. नाव सांगताना आधी मुख्य रंग, मग रेघेचा. एक गफलत मात्र इथेच होते. अनेक जुन्या गाड्यांत डायनामोची जाड वायर पिवळी आणि फील्डची (डायनामोच्या आतल्या चुंबकीय कॉइलची) पिवळी-हिरवी असायची. नंतर त्यांचे रंग तपकिरी-पिवळा आणि तपकिरी-हिरवा झाले. तुमच्या जुन्या हार्नेसमध्ये एक आणि नव्यात दुसरं असू शकतं. चिठ्ठीवर टर्मिनल लिहायला सांगितलं ते यासाठीच.

मागच्या दिव्यांकडे जाणारा भाग दरवाजाखालच्या पोकळीतून किंवा छताच्या कडेने जातो. तिथलं जुनं ओढायच्या आधी त्याच्या टोकाला मजबूत दोरी बांधा, म्हणजे जुनं बाहेर येताना दोरी आत जाईल आणि तिनेच नवीन ओढता येईल. नव्याची टोकं एका रांगेत बांधू नका. एकामागे एक सरकवून, टेप गुंडाळून निमुळतं शेपूट करा. वरून टाल्कम पावडर चोळा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, कापडी वेष्टन ते शोषून घेतं आणि ग्रोमेटचं (पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या कड्याचं) रबर फुगतं. अडलं तर जोर लावू नका. दुसऱ्या माणसाला मागून ढकलायला सांगा आणि तुम्ही हळूहळू ओढा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) नेताना आधी नवीन ग्रोमेट हार्नेसवर चढवा, मग वायरी आत घ्या. ग्रोमेटशिवाय पत्र्याच्या धारेवर टेकलेलं हार्नेस काही महिन्यांत कापलं जातं, आणि कापली जाते ती बहुधा तीच जाड, फ्यूज नसलेली तपकिरी वायर.

क्लिपा आधी सैल ठेवा. सगळी टोकं आपापल्या जागी पोचतात हे पाहिल्यावरच त्या आवळा. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून डायनामो आणि इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या फाट्याला थोडी ढील हवी. स्टिअरिंग कॉलमजवळ मात्र ढील नको, तिथे वायर गुंडाळली जाऊ शकते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून हार्नेस लांब ठेवा.

आता टोकं. काही हार्नेसमध्ये अरुंद जागेतून जाणाऱ्या वायरींना बुलेट लावलेली नसते, ती वायर पोचल्यावर लावायची असते. इन्सुलेशन बुलेटच्या नळीपुरतंच सोला, एकही तार तुटू देऊ नका. तारा बुलेटच्या नाकाच्या भोकातून किंचित डोकावल्या पाहिजेत. त्यानंतर बुलेटसाठीच बनवलेल्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. साध्या पकडीने चेपलेली बुलेट चपटी होते आणि बुलेट एकमेकींना जोडणाऱ्या स्लीव्हमध्ये नीट बसत नाही. सोल्डर करायचं असेल तर कमी वापरा. जास्त सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीने नेमका तिथेच तुटतो. दाबून झालं की वायर ओढून बघा. सुटली तर आत्ता सुटू दे. जुन्या काळ्या रबरी स्लीव्हच्या आतली धातूची नळी गंजलेली असते, त्या सगळ्या बदला. चार तोंडांच्या स्लीव्हमध्ये चारही वायरी आतून एकमेकींना जोडल्या जातात हे लक्षात ठेवा. जागा वाचते म्हणून दोन वेगळी सर्किटं तिच्यात घातली तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागेल.

अर्थकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि गाडी अडते ती इथेच. गाडीला नवा रंग किंवा पावडर कोटिंग झालं असेल तर दिव्यांचे होल्डर आणि अर्थचे स्क्रू रंगावर बसलेले असतात, आणि रंगातून करंट जात नाही. अर्थची प्रत्येक जागा काचपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळल्यानंतर लावायची. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी हवीच. ती नसेल किंवा तुटकी असेल तर स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, आणि ती केबल तापून धूर येतो. पट्टी ठीक आहे का ते मोजता येतं: इग्निशन कॉइलची वायर काढून स्टार्टर फिरवा आणि इंजिनचा ब्लॉक ते बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यात व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर त्या वाटेत कुठेतरी जोड खराब आहे.

कंट्रोल बॉक्स जोडताना घाई करू नका. लुकास (ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी) हिच्या आरबी १०६ या कंट्रोल बॉक्सवर टर्मिनल ए, ए-१, एफ, डी, ई या क्रमाने असतात. डायनामोच्या मोठ्या टर्मिनलची जाड वायर डी ला, लहान टर्मिनलची बारीक वायर एफ ला. ही दोन शेजारी असल्यामुळे अदलाबदल सहज होते. मग चार्जिंग बिघडतं आणि बॉक्समधल्या रेग्युलेटरचे (व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचे) पॉइंट जळू शकतात. ई चा अर्थ सुटला तर रेग्युलेटर आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) दोघांच्याही कॉइलना परतीचा मार्ग राहत नाही. चार्जिंग थांबतं आणि डायनामोचा व्होल्टेज मोकाट वाढतो.

या निमित्ताने पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह करणार असाल तर डायनामोला नव्या दिशेची ओळख करून द्यावी लागते. त्याच्या दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या बाजूने एक वायर डायनामोच्या लहान टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. इग्निशन कॉइलच्या दोन वायरी आणि अ‍ॅमीटरच्या दोन वायरीही अदलाबदल करा. ट्रान्झिस्टर असलेलं काहीही, विशेषतः जुना रेडिओ, आधी काढून ठेवा.

पहिल्यांदा करंट देताना बॅटरी सरळ जोडू नका. बॅटरीचं अर्थ टर्मिनल आणि अर्थची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब लावा. कुठेही शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही, म्हणजे काही जळत नाही. सगळे स्विच बंद, दरवाजे बंद, घड्याळ असेल तर त्याची वायर काढलेली. बल्ब लागायला नको. पूर्ण उजेडाने लागला तर तपकिरी वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. मंद लागला तर एखादा दिवा चालू राहिला असेल. सापडेपर्यंत एकेक वायर काढत जा. मग इग्निशन चालू करा: डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब लागेल, ते बरोबरच आहे. हेडलाइटसाठी ही परीक्षा कामाची नाही, कारण त्यांचाच करंट इतका असतो की बल्ब पेटणारच. इथवर ठीक आलं की बल्बच्या जागी १५ अँपियरचा फ्यूज लावून एकेक सर्किट चालवा. या अवस्थेत स्टार्टर फिरवू नका.

काही बिघाड लक्षणांवरून लगेच ओळखता येतात. इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेल लॅम्पही मिणमिणायला लागला, तर त्या दिव्याचा अर्थ गेलाय. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही जास्त दाखवत असतील तर डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरला (काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागाला) अर्थ नाही. इंडिकेटर लागतो पण लुकलुकत नाही, तर आधी बल्बचे वॅट बघा: जुना फ्लॅशर २१ वॅटच्या बल्बांसाठी बनलेला आहे, एलईडीवर तो चालत नाही.

फ्यूजबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलं असेल तर तो ३५ अँपियरला उडतो, सतत मात्र १७च वाहून नेतो. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर ३५ म्हणजे सतत ३५. तो त्याच खाचेत नीट बसतो, आणि मग फ्यूजच्या आधी वायर जळते. ०.३० मिमीच्या १४ तारांची वायर साधारण पावणेनऊ अँपियरची, २८ तारांची साडेसतरा अँपियरची आणि ४४ तारांची साडेसत्तावीस अँपियरची असते. फ्यूज या आकड्यांकडे बघून निवडा.

हार्नेस नवीन असतानाच हेडलाइटला रिले (थोड्या करंटने चालणारा, मोठा करंट सोडणारा स्विच) लावून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. ६० वॅटचे दोन अप्पर म्हणजे १० अँपियर, आणि मूळ रचनेत ते सगळे जुन्या स्विचमधून आणि डिपरमधून जातात. बल्बपाशी एक व्होल्ट जरी कमी पोचला तरी उजेड जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट सोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) बॅटरीवाल्या टर्मिनलवरून ४४ तारांची वायर थेट रिलेच्या ३० क्रमांकावर आणा, ८७ वरून दिव्यांकडे न्या, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी निळी-पांढरी आणि ८५ ला अर्थ. डिपरसाठी दुसरा रिले, त्याच पद्धतीने. मूळ गाडीत हेडलाइटला बहुधा फ्यूज नसतोच, म्हणून ८७ च्या पुढे डाव्या आणि उजव्या दिव्याला १० अँपियरचे वेगवेगळे फ्यूज द्या. दोघांना मिळून एकच दिलात आणि रात्री तो उडाला, तर समोरचा रस्ता एका क्षणात दिसेनासा होईल.